आईचा केस पेपर

आमच्या घरात कागदाला फार मान. रेशनकार्ड, सातबारा, माझी बारावीची गुणपत्रिका हे सारे एका पत्र्याच्या पेटीत जपलेले असते. त्याच पेटीत अण्णांची दवाखान्याची फाईल आहे, चांगली बोटभर जाड. आईचा मात्र एकच केस पेपर, दोन वर्षांपूर्वीचा. त्यावर रक्तदाबाचा आकडा, गोळ्यांचे नाव आणि पुन्हा दाखवायला या, एवढेच इंग्रजीत लिहिलेले. डॉक्टरांचे अक्षर लावणारा घरात मीच. मी वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली होती, "कापूस वेचून होऊ दे, मग बघू." कापूस झाला, मग हरभरा आला...

परवा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. तिकडे रुग्णांच्या जुन्या नोंदी संगणकाला शिकवून, कोणाला किती देखभालीची गरज आहे याचा आकडा काढतात. आकडा मोठा, त्याला जादा मदत. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लइनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एक यंत्र तपासले व २०१९ साली निष्कर्ष छापले. सारखाच आकडा मिळालेल्या गोऱ्या व कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय अधिक आजारी होते! वास्तविक यंत्राला कोणाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. पण ते आजार मोजतच नव्हते, पुढे रुग्णावर किती खर्च होईल याचा अंदाज बांधत होते. आणि तेवढ्याच दुखण्यासाठी कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत आला होता. ज्याला दवाखाना गाठता आला नाही तो यंत्राच्या लेखी धडधाकट. जादा मदतीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत ते १७.७ टक्केच होते. हा अन्याय दूर केला तर ४६.५ टक्के झाले असते.

"म्हणजे सर, मशीनलाही बिलच दिसतं!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

तास संपला तरी ती पेटी मात्र डोळ्यांसमोरून हलेना. अण्णा खोकले की घर जागे होते. आई डोक्याला फडके घट्ट बांधून चुलीपुढे बसते, तेव्हा आम्ही भाकरी मागतो. आमच्याकडे यंत्र नाही, पण हिशेब तोच. आणि तो करणाऱ्यांत कॉलेजात जाणारा मीही होतो. अण्णांची फाईल जाड, म्हणून अण्णा आजारी. आईची फाईलच नाही, म्हणून आई बरी.

सरांनी आणखी एक सांगितले होते. त्या संशोधकांनी यंत्र मोडीत काढले नाही. खर्चाबरोबर रुग्णाच्या जुनाट आजारांचाही अंदाज बांधायला त्याला शिकवले, तेव्हा तो दुजाभाव ८४ टक्क्यांनी घटला. यंत्र तेच, विचारणे बदलले.

रविवारी घरी गेलो. दवाखान्यात कधी जाणार, हे मी आईला नेहमीच विचारत असे. या वेळी विचारले, "आई, डोकं किती दिवसांपासून दुखतंय?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "दिवस कुठले रे मोजू?" म्हणाली, "तू दहावीला होतास ना, तेव्हापासून."

सोमवारी मी कॉलेज बुडवले. तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने जुना केस पेपर मागितला. घडीवर फाटत आलेला तो एकच कागद मी आत सरकवला. आई मागून हळूच म्हणाली, "नीट सांभाळ, परत लागतो तो."