पारोळ्याचे शेततळे आणि मागूर मासा

खानदेश आणि मासा हे दोन शब्द एका दमात उच्चारले की वसईकडील आमच्या वाचकांच्या चेहऱ्यावर थोडेसे हसू उमटते, हे आम्ही जाणून आहोत. ज्यांच्या दाराशी पहाटे बोंबील आणि पापलेट येतात, त्यांना कपाशी, बाजरी आणि कळण्याच्या भाकरीच्या मुलखात कोणी मत्स्यपालनाची गोष्ट करावी याचे नवल वाटणारच. परंतु पारोळा अगदीच निर्जळ नाही. सन १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेल्या येथील भुईकोट किल्ल्याला खंदक आहे. तालुक्यातून बोरी नदी वाहते आणि तामसवाडीला तिच्यावर धरण आहे. नदीकाठची भोई कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आली आहेत. त्यात आता शेततळ्यांची भर पडली आहे. २०१६ साली शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली, आणि पाहता पाहता माळरानावर काळ्या-निळ्या प्लॅस्टिकचे चौकोन दिसू लागले.

तळ्यात पाणी दिसले की माणसाच्या मनात मासा येतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या मनातही तो आला. घरधन्याचा प्रश्न त्यांच्या अहिराणीत अगदी सरळ होता : "फादर, पानी शे, मंग मासा का नही?" प्रश्नामागची विवंचना मात्र तितकी सरळ नव्हती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्या वर्षीचे कर्ज पुढच्या वर्षावर गेले, आणि ते अद्याप पुरते फिटलेले नाही. थोरली मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाला आहे. तिचे शुल्क दर जूनमध्ये दारात उभे राहते. अशा वेळी एक दलाल घरी आला. 'थाई मागुरा'चे बीज उधारीवर देतो, खाद्याला खर्च नाही, कोंबडीच्या दुकानातील आतडी टाका, सहा महिन्यांत किलोचा मासा होईल, मालही आम्हीच उचलू, असे त्याचे बोलणे. मोबाइलवरच्या दोन चित्रफितीही त्याने दाखविल्या. तळे तुडुंब आणि नोटा मोजणारे हात! घरात दोन तट पडले. पती अनुकूल, पत्नी प्रतिकूल. आणि निवाड्यासाठी उभयतां आमच्याकडे आली.

आम्ही मत्स्यशास्त्राचे पदवीधर नाही. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले, तळ्यात चुना किती टाकावा हे नव्हे. तरीही मत्स्यव्यवसाय खात्याच्या पुस्तिका वाचणे, बोरीकाठच्या जाणत्या भोयांशी बोलणे आणि आकडे कागदावर मांडून पाहणे एवढे कोणालाही करता येते, आणि तेवढे आम्ही केले.

प्रथम त्या 'थाई' नावाविषयी. हा मासा मूळचा थायलंडचा नव्हे. तो आफ्रिकेचा आणि पश्चिम आशियाचा. शास्त्रज्ञ त्याला क्लॅरियस गॅरीपिनस म्हणतात. येथे धर्मगुरूच्या कानाला ओळखीचा सूर लागतो, कारण हाच मासा गालीलच्या सरोवरात आजही आढळतो. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात पंख आणि खवले नसलेले जलचर निषिद्ध ठरविले आहेत. या माशाच्या अंगावर खवला नावाला नाही, म्हणजे यहुदी कोळ्याच्या दृष्टीने तो टाकाऊ. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जाळे किनाऱ्यावर ओढून, बसून, चांगले मासे भांड्यांत भरणारे आणि वाईट टाकून देणारे जे लोक आहेत, त्यांच्या हातून फेकल्या जाणाऱ्या माशांत हा मासा असावा, असे काही भाष्यकार मानतात. आम्ही प्रवचनात कित्येकदा हा दृष्टान्त सांगितला आहे. परंतु त्यातला 'वाईट' मासा एके दिवशी पारोळ्याच्या शेततळ्याचा दरवाजा ठोठावील अशी कल्पना केली नव्हती.

अर्थात गालीलच्या सरोवरात तो वाईट नाही. तेथे तो घरचाच आहे. आपल्याकडे मात्र तो परका आणि अधाशी आहे. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी तो बांगलादेशमार्गे, कोणाचीही परवानगी न घेता भारतात आला. लहान मासे, बेडूक, किडे, कुजके मांस, जे मिळेल ते तो खातो. पुराच्या पाण्यातून तळ्याबाहेर पडला की ओढ्यातले देशी मासे फस्त करतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पैदाशीवर आणि पालनावर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही तिच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला, आणि त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी अशी तळी रिकामी करून मासे नष्ट करण्यात आले. दलाल उधारी देतो ती या कारणाने. धाड पडली तर माल शेतकऱ्याचा, तळे शेतकऱ्याचे आणि नावही शेतकऱ्याचे! कोंबडीची आतडी टाकलेल्या पाण्याला जी दुर्गंधी सुटते, ती शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचते, हे पुन्हा वेगळेच. आम्ही स्पष्ट नकार दिला, आणि सांगावयास समाधान वाटते की पत्नीचा कौल तोच होता.

परंतु नकार देऊन कर्ज फिटत नाही. म्हणून देशी मागुराचा विचार पुढे आला. तोही तसाच मिशाळ, बिनखवल्याचा. पण वाढीला सावकाश आणि आकाराने लहान. बिहारने त्याला राज्यमासा केले आहे. बंगाल-आसामात आजारातून उठलेल्या माणसाला त्याचा रस्सा देतात. पूर्वी भातखाचरांत आणि डबक्यांत तो विपुल होता; आज आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. त्याच्या कल्ल्यांमागे झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्यायोगे तो पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेतो. म्हणूनच थोड्या, गढूळ पाण्यातही तो तग धरतो, आणि पावसाच्या पहिल्या सरीला काठावरून सरपटत निघूनही जातो.

येथेच शेततळ्याची अडचण उभी राहते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा नेहमीच्या शेततळ्यात, उताराच्या बाजू धरून, सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. नऊ गुंठे पाणी! पण मागुराला इतकी खोली नको. श्वासासाठी त्याला वारंवार वर यावे लागते, आणि तीन मीटर वर-खाली करण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. त्याला तळाशी चिखल हवा, येथे प्लॅस्टिक. शिवाय ते पाणी रब्बीसाठी आहे. हरभऱ्याला आणि लिंबाच्या झाडांना पाणी देता देता फाल्गुनात तळे अर्ध्यावर येते. मोठ्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची पाच-सातशे बोटुकली सोडावी आणि मागुरासाठी बाजूला वेगळा, मातीचा, उथळ खड्डा करावा, हा सल्ला आम्हांला एका वृद्ध भोयाने दिला. तो आम्हांला पुस्तकापेक्षा अधिक पटला.

खड्डा गेल्या उन्हाळ्यात खणला. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, चार फूट खोल. पाणी तीन फूट. म्हणजे दोन गुंठे. काळी माती असल्याने पाणी बऱ्यापैकी धरते. तळ उन्हात तडकू दिला, पाच किलो चुना पसरला, कुजलेले शेण टाकले, पाणी भरले आणि ते हिरवट होईपर्यंत वाट पाहिली. चहूबाजूंनी दोन फूट उंचीची नायलॉनची जाळी लावून तिचा खालचा काठ मातीत पुरला. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु ज्याने ते टाळले त्याचे मासे एका रात्रीत शेजाऱ्याच्या ज्वारीत सापडतात. तळाशी फुटक्या मडक्यांचे आणि पाइपांचे तुकडे ठेवले; दिवसा मागूर अंधार शोधतो.

बीज मिळविणे सर्वांत कठीण. कार्प माशांच्या कृत्रिम प्रजननाचा मार्ग डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे खुला केला, आणि तो दिवस आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मागुराच्या बाबतीत तीच विद्या अधिक कठोर होते. मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तिची अंडी हलक्या हाताने दाबून काढता येतात. नराचे वीर्य तसे निघत नाही. त्याला मारून, वृषण काढून, ते मिठाच्या पाण्यात कुस्करून अंड्यांवर शिंपडावे लागते. पैदास केंद्रे थोडी आणि बीज महाग आहे ते यामुळे, आणि महाग वस्तूत भेसळ ही आलीच. देशी म्हणून आणलेल्या पिशवीत आफ्रिकन किंवा संकरित पिल्ले निघतात. नोंदणीकृत केंद्राची पावती घेतल्याशिवाय पिशवीला हात लावू नये. आणि दोन-तीन महिन्यांत एखादा मासा इतरांच्या दुप्पट-तिप्पट दिसू लागला, अंगावर राखाडी संगमरवरी डाग उमटले, तर तो ताबडतोब काढून खात्याच्या अधिकाऱ्यास दाखवावा.

श्रावणात आठशे बोटुकली सोडली. पिशव्या आधी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतले-बाहेरचे पाणी एका उष्णतेचे झाल्यावर तोंडे उघडली. खाद्य संध्याकाळी, कारण मागूर निशाचर. शेंगदाण्याची ढेप, भाताचा कोंडा आणि सुकटीचे पीठ यांचे गोळे टोपलीत ठेवून ती पाण्यात सोडतात. सकाळी टोपलीत उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. खानदेशात सरकीची ढेप घरोघरी असते, म्हणून तीच टाकण्याचा मोह होतो. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते; गाईला जे चालते ते माशाला त्या प्रमाणात चालत नाही. कपाशीची फवारणी तर प्रत्यक्ष वैरीण. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. फवारणीचा पंप खड्ड्यात धुवायचा नाही, शेतातले वाहते पाणी आत येऊ द्यायचे नाही, असा या घराने नियम केला आहे.

आता हिशेब. आठशेंपैकी साठ टक्के जगले तर सुमारे पावणेपाचशे. प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम धरला तर साठ किलोंच्या आत-बाहेर मासा, आणि त्यासाठी दुप्पट वजनाचे खाद्य. या उत्पन्नातून कर्ज फिटणार नाही. हे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. कार्प माशांचे उत्पन्न धरले तर मुलीच्या शुल्काचा काही भाग निघेल, आणि घरात मासा शिजेल. तळ्याने श्रीमंत झालेल्यांच्या कहाण्या ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी दलालाकडे जावे.

या विद्येशी धर्मगुरूंचा संबंध नवा नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. मोराव्हियातील ओलोमोत्सचे बिशप यान दुब्राव्हियस यांनी १५४७ साली मत्स्यतळ्यांवर लॅटिनमध्ये एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. तळे कोठे खणावे, बांध कसा घालावा, मासे कधी काढावेत, सर्व काही त्यात आहे. मठांना आणि गावांना उपवासाच्या दिवशी मासा लागे. त्या गरजेतून ती तळी उभी राहिली. आणि आपल्याकडेही कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात माशांच्या जाती आणि त्यांचे खाद्य यांचे वर्णन आहे. बिशप आणि राजा दोघेही तळ्याकाठी बसून विचार करीत असत, याचे आम्हांला कौतुक वाटते.

एक गोष्ट मात्र त्या दोघांनाही लिहावी लागली नव्हती, कारण त्यांच्या तळ्यांना प्लॅस्टिक नव्हते. शेततळ्याचे अस्तर ओले झाले की साबणासारखे निसरडे होते. पोहणाऱ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही, मग मुलांचे काय? दर उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. तळ्यात मासे आले की मुले काठावर येणारच. तळ्याचे आकर्षण आपणच वाढवलेले असते. म्हणून या कुटुंबाला आम्ही एकच अट घातली होती : आधी तारेचे कुंपण आणि कुलूप, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले, दोन हवा भरलेल्या ट्यूबा काठावर, आणि मगच बीज. धाकट्या मुलाने गाठी स्वतः मारल्या. आमच्या धर्मग्रामातील ज्या ज्या घरी शेततळे आहे, त्यांनी मासे पाळोत वा न पाळोत, एवढे या आठवड्यातच करावे.

हे लिहीत असता मार्गशीर्षातील थंडी पडली आहे. मागूर तळाशी बसले आहेत, टोपलीत खाद्य शिल्लक राहते, आणि घरधनी चिंतेत आहेत. थंडीत हा मासा खात नाही, वाढत नाही. माघ सरला की पुन्हा खाऊ लागेल. तोवर बगळे आणि पाणकावळे यांच्यावर नजर ठेवणे आणि पाण्याला वास आला तर पाचवा हिस्सा उपसून भाजीच्या वाफ्याला सोडणे, एवढेच काम. चैत्रात खड्डा रिकामा करायचा आहे. जाळ्यात मागूर येत नाही, चिखलात दडतो. तेव्हा पाणी उपसून हातानेच धरावा लागेल. त्याच्या कल्ल्यांजवळच्या दोन काट्यांचा दंश भारी ठणकतो, म्हणून तो वृद्ध भोई येऊन धरण्याची रीत दाखविणार आहे. काढलेले मासे दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवले की चिखलाचा वास जातो, मग राख आणि मीठ चोळून बुळबुळ काढायची. वसईच्या ज्या मित्रांना खानदेशी मासा गोड लागणार नाही असे वाटते, त्यांनी चैत्रात एखाद्या शुक्रवारी पारोळ्याला यावे. दगडी पाट्यावर वाटलेला काळा मसाला आणि बाजरीची भाकरी तयार असेल.