शक्ती आणि सान्निध्य

धायरीच्या आमच्या घरात चारही खोल्यांतून एकच गाणे ऐकू यावे, म्हणून आम्ही अ‍ॅम्प्लिफायर शोधू लागलो. वडिलांना अलीकडे कमी ऐकू येई. तेव्हा ५० वॉटऐवजी १०० वॉटचा घ्यावा, असे वाटले. हिशेब मांडल्यावर कळले की शक्ती दुप्पट केली, तरी पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. उलट, मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट शक्तीइतके. बंद खोलीत लाभ थोडा कमी, एवढेच. आम्ही ५० वॉटचाच घेतला आणि दारावरचा स्पीकर वडिलांच्या खुर्चीपाशी आणला. त्यांना तानपुरा ऐकू आला. आपण त्यांच्याशी नेहमी स्वयंपाकघरातून ओरडून बोलतो, हेही आमच्या तेव्हाच ध्यानात आले.