हलवणारं आणि हलू देणारं

अ‍ॅबिंग्डन
रविवार, रात्री

चि. सोनू,


तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तुझी एमजीबीच घोळते आहे. साठ मैलांच्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरतं, सत्तरला थोडं निवतं, तीनदा चाकं बॅलन्स केली तरी फरक नाही, आणि आता गॅरेजवाला म्हणतो की स्टिअरिंगचा रॅकच बदलू. बाळा, त्याला होकार देऊ नकोस. शनिवारपर्यंत थांब. मीही माझ्या गाडीवर हेच केलं होतं. आधी टायर बदलले, मग ट्रॅक रॉडची टोकं, मग रॅक. पैसे गेले आणि थरथर जागच्या जागी राहिली. दोष सापडला तेव्हा तो एका कोरड्या किंगपिनात, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात होता आणि एका वाकड्या चाकात. दोन्हीत.

हे 'दोन्हीत' नीट लक्षात घे. अशा थरथरीत एक काहीतरी हलवणारं असतं आणि दुसरं काहीतरी हलू देणारं. आपण एकच शोधत बसतो. तुझ्या मापाच्या टायरचं चाक साठ मैलांच्या वेगाला सेकंदाला साधारण चौदा गिरक्या घेतं. रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन जास्त असलं, तर त्या वेगाला ते चाकाला सव्वाचार किलोच्या जोराने ओढतं, सेकंदाला चौदा वेळा. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. पण पुढचा सगळा सांगाडा घट्ट असेल तर तो हे बहुतेक पचवतो. सांध्यात ढिलाई असली की तेच चाक डावी-उजवीकडे डोलायला लागतं, आणि त्या डोलण्याची लय गिरक्यांच्या लयीशी जुळली की स्टिअरिंग हातात मावत नाही. वेग वाढवला की जुळणी मोडते. तुझ्या गाडीचं सत्तरला निवणं हे त्याचंच लक्षण आहे, गाडी बरी असल्याचं नव्हे.

आधी गाडी काय म्हणते ते ऐकायला शीक. थरथर हातात जाणवली तर पुढची चाकं, बुडाखाली जाणवली तर मागची. बारीक गुणगुण गाडीच्या तळातून आली तर प्रोपेलर शाफ्टकडे बघायचं. तो चाकाच्या जवळजवळ चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याची कंपनं बारीक असतात. ब्रेक लावल्यावरच थरथर येत असेल तर डिस्क. हे सगळं वहीत लिहून ठेव, वेगासकट. आठवणीवर सोडू नकोस.

आता चाकं. तुझ्या गाडीला तारांची चाकं आहेत, आणि तीन बॅलन्सिंग वाया गेली ती बहुधा इथेच. हे चाक हबवर दोन उतरत्या कडांवर बसतं, आत हबच्या शंकूवर आणि बाहेर कानांच्या नटाच्या शंकूवर. मधल्या खाचा फक्त फिरवण्याचं काम करतात. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक त्याच दोन कडांवर धरलं नाही, तर यंत्र वेगळ्याच केंद्राभोवती ते तोलतं आणि पडद्यावर शून्य दाखवतं. गाडीवर चढल्यावर ते शून्य शून्य राहत नाही. त्या माणसाला इतकंच विचार, "चाक कुठल्या शंकूंवर धरता?" उत्तर देताना तो घुटमळला तर चाकं उचलून घेऊन ये.

पण बॅलन्सच्या आधी आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा. लहानपणी आमच्या वाड्याखालचा सायकलवाला चाक उलटं टांगून, काट्याला खडू टेकवून आऊट काढायचा, ते मी तासन्‌तास बघायचो. पुण्यात तेव्हा सगळं गाव सायकलवर. गाडीच्या चाकालाही तेच, फक्त खडूऐवजी डायल गेज. चाक वर उचलायचं, हाताने हळू फिरवायचं, काटा किती डुलतो ते बघायचं. रिममध्ये दीड मिलिमीटरच्या वर गेलं की मी चाक तारा ओढणाऱ्याकडे पाठवतो, बॅलन्सच्या फंदात पडत नाही. गेज नसला तर पाना घेऊन एकेक तार हळूच वाजव. कसलेली तार टण्ण बोलते, सैल तार मुकी राहते. तुलाही लगेच ऐकू येईल.

टायरवरचा तारखेचा शिक्का बघ. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2309 असेल तर तो 2009 सालच्या 23व्या आठवड्यातला. तू म्हणालीस, नक्षी नवी आहे. नक्षी नवी असली तरी रबर म्हातारं असू शकतं. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला चपटा डागही पडतो. तो पाच-सात मैलांत ऊन लागल्यासारखा निघून जातो. निघून गेला नाही तर टायर काढायचा.

आता खरी गोष्ट. आमच्या गाडीचं पुढचं उजवं चाक मी जॅकवर घेतलं होतं. बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून वर-खाली हलवलं तर टक्क, टक्क. मला वाटलं बेअरिंग. मग तुझी मामी गाडीत बसली आणि तिने ब्रेक दाबून धरला. ब्रेक दाबला की चाक आणि हब डिस्कमार्गे स्टिअरिंगच्या नकलशी जखडून जातात, म्हणजे बेअरिंगमधली ढिलाई नाहीशी होते. टक्क तशीच येत राहिली. मी टॉर्च किंगपिनवर धरली आणि मामीला म्हटलं, तशीच राहा. चाक हलवलं की पिन आणि तिच्या बुशमध्ये केसाएवढी काळी रेघ उघडायची आणि मिटायची. कित्येक वर्षं तिथे ग्रीसचा थेंब पोहोचला नव्हता. प्रत्येक बाजूला ग्रीसची तीन निपलं असतात, आणि गाडीचं वजन चाकावरून उचलून घेऊन भरलं तरच ग्रीस हवं तिथे जातं. जमिनीवर उभ्या गाडीला मारलेलं ग्रीस बाहेरूनच वाहून जातं.

वर आणखी एक जागा आहे. या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात हाच वरचा विशबोन असतो. त्याच्या धुऱ्यात ढिलाई आली तर किंगपिन कितीही चांगली असो, चाक डोलणारच. खालच्या बुशही बघायच्या. आणि ब्रेक दाबल्यावर टक्क थांबली तर मग बेअरिंग, पण तेही गाडीच्या पद्धतीनेच बसवायचं, मधली नळी आणि पातळ चकत्या फेकून न देता, दोन ते चार हजारांश इंचांचा मोकळेपणा ठेवून. दुसऱ्या गाड्यांसारखं 'कसून जरा सैल' चालत नाही. त्या नळीमुळे स्टब अ‍ॅक्सलला बळ मिळतं.

मला काळजी वाटते ती अशी ढिलाई कुणाच्याच नजरेस न येण्याची. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना 2018 च्या मे महिन्यापासून एमओटी तपासणी सक्तीची नाही. तुझी 1967 ची. म्हणजे कायद्याने कुणीही तुझ्या किंगपिनकडे बघायला बांधलेलं नाही. या गावात तिचा जन्म झाला, 1980 च्या ऑक्टोबरात इथला एमजीचा कारखाना बंद झाला, आणि तिला वाचवणारे आता तुझ्यासारखेच. एम-फोर महामार्गावर ती साठला थरथरताना तू तिच्यात असावीस, हे मला सहन होत नाही. शनिवारपर्यंत चाळीसच्या आत आतल्या रस्त्यांनीच चालव, आणि इकडे येताना आगगाडीने ये. गाडी मी शनिवारी ट्रेलरवर आणतो.

एक ताबडतोब करायचं. गाडी उभी असताना चाकांचे कानवाले चारही नट बघ. वरचा कान गाडीच्या मागच्या बाजूकडे मारला की नट घट्ट व्हायला हवा, दोन्ही बाजूंना. कुठल्याही चाकाला उलटं दिसलं तर हब चुकीच्या बाजूचा आहे, आणि मग गाडी एक फूटही हलवायची नाही. मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

ताईला सांग, मामी पुरणपोळ्या करते आहे. तू जुने कपडे आण. ब्रेक दाबायला या वेळी तू.

तुझा मामा