समासातला शेरा

गेली अठरा वर्षे दर उन्हाळ्यात मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासते आहे. सोलापूरचा मे महिना, डोक्यावर गरम वारा फेकणारा पंखा आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले डस्टर. विसाव्या-पंचविसाव्या उत्तरपत्रिकेनंतर हस्ताक्षर बदलते, मजकूर बदलत नाही. आणि तो ओळखीचा वाटतो, कारण बहुधा आपणच तो वर्गात सांगितलेला असतो. म्हणून आमच्या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाल्यावर एम.ए.च्या एका ऐच्छिक अभ्यासपत्रिकेची अंतिम लेखी परीक्षा काढावी, त्याऐवजी शोधनिबंध आणि सहाध्यायांनी केलेले त्याचे परीक्षण ठेवावे, असा प्रस्ताव मी अभ्यासमंडळापुढे मांडला. तो मंजूर झाला याचे सर्वांत अधिक आश्चर्य मलाच वाटले.

‘पीअर रिव्ह्यू’ हा शब्द आम्हा प्राध्यापकांना परका नाही. मात्र तो आम्हाला भेटला तो नियतकालिकांच्या मुखपृष्ठावरचा शिक्का म्हणून. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तशी पैसे भरताच ‘परीक्षित’ निबंध छापून देणारी नियतकालिके उदंड निघाली. त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ यादी लागू केली आणि २०२५ मध्ये ती मागेही घेतली. जे आम्हाला धड साधले नाही ते आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेणार होतो! पण मराठीच्या विद्यार्थ्याला हा संस्कार सर्वस्वी नवा नसावा, अशीही एक आशा होती. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांपर्यंत जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेत. पुढे महानुभाव पोथ्यांत निराळा पाठ आढळला की तो ‘वासना’ म्हणून मजकुराशेजारीच नोंदवला गेला. लीळाचरित्र शिकवताना हे मी दरवर्षी सांगत आले होते. तसे वागून पाहण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

विद्यार्थी बावीस. प्रत्येकाने एक निबंध लिहायचा आणि दोन तपासायचे. साठ गुण निबंधाला, चाळीस परीक्षणाला. पहिल्या खेपेची परीक्षणे लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी होती, कोणी कोणाला कमी पडू दिले नव्हते. निबंध अभ्यासपूर्ण, भाषा ओघवती, विषय समयोचित. लेखकांची नावे झाकली होती, पण बावीस जणांत काय झाकले जाणार? एका मुलाने सरळ सांगितले, “मॅडम, रोज एकाच एस.टी.ने येतो आम्ही. त्याचं चुकलंय असं कसं लिहू?” मग मी नियम बदलला. स्तुतीला गुण नाहीत. निबंधात ज्यांची उत्तरे मिळत नाहीत असे तीन प्रश्न तेवढे विचारायचे.

एका सहकाऱ्याने शिक्षक-कक्षात आक्षेप घेतला तो याहून गंभीर होता. लेखी परीक्षेत परीक्षकाला विद्यार्थ्याचे आडनाव, गाव, जात काहीच कळत नाही, फक्त आसनक्रमांक कळतो. तुम्ही तेवढेही संरक्षण काढून घेत आहात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परीक्षकाला काही कळत नाही याचीच मी तक्रार करीत होते, आणि काही विद्यार्थ्यांना नेमका त्याचाच आधार असतो, हे मला सुचलेच नव्हते. याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही.

दुसऱ्या खेपेत एक निबंध राम जोशींवर होता. राम जोशी सोलापूरचे, उत्तर पेशवाईतले. पुराणिकांच्या घरातला मुलगा तमाशात गेला आणि मोरोपंतांच्या उपदेशाने कीर्तनाकडे वळला, ही कथा इथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठच असते. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने तर त्यांचे नाव दूरवर नेले. निबंध लिहिणारी मुलगी पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. मराठी तिने शाळेत मिळवलेली, म्हणून जपून वापरलेली. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. परीक्षक होता मंगळवेढ्याकडचा, मागच्या बाकावरचा, वर्षभरात क्वचितच तोंड उघडलेला मुलगा. त्याने समासात लिहिले होते: ‘मोरोपंतांचा उपदेश. आधार? तळटिपेत “मॅडमच्या नोट्स” असे आहे. नोट्स हा आधार होऊ शकत नाही.’

प्रथम मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मग मी नोट्स काढल्या. २००९ साली टाइप केलेल्या, त्या माझ्या स्वतःच्या एम.ए.च्या वहीवरून. मी २००३ मध्ये एम.ए. झाले, तेव्हा सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. वर्गात सरांनी सांगितले आणि मी उतरवून घेतले. सरांना कुठून मिळाले हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. जन्मवर्षाचेही तेच. कोणी १७५८ देते, कोणी १७६२. त्यांतले एक मी निवडले होते आणि सोळा वर्षे निःशंकपणे लिहून देत होते.

गुण लागल्यावर ती मुलगी भेटायला आली. आवाज चढवलेला नव्हता. “मॅडम, चूक नोट्समधली. मग गुण माझे का गेले?”

मी गुण वाढवले नाहीत. पुनर्लेखनाला पंधरा दिवस दिले. हे न्याय्य होते की नाही, मला ठरवता आलेले नाही. गुणपत्रिकेत शिक्षकाच्या चुकीसाठी रकाना नसतो. ते पंधरा दिवस ती हिराचंद नेमचंद वाचनालयात बसली. परीक्षण करणारा मुलगाही दोनदा तिच्याबरोबर गेल्याचे नंतर कळले. गुप्ततेचा नियम तिथेच संपला आणि मी काही बोलले नाही.

नवा निबंध राम जोशींच्या परिवर्तनावर नाही. मोरोपंतांच्या उपदेशाची ही कथा प्रथम कोणी सांगितली, असा त्याचा प्रश्न आहे. उत्तर तिला सापडलेले नाही आणि तसे तिने स्वच्छ लिहिले आहे. तिने पाहिलेल्या साधनांची यादी वर्षानुक्रमे लावलेली आहे. त्या यादीत शेवटून दुसरी नोंद माझ्या नोट्सची आहे, सालासकट. शेवटची नोंद तिच्या स्वतःच्या पहिल्या निबंधाची.