पडवीतली दुकानं

पावसला लोक जातात ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला. मीही जाते. पण मंदिराच्या वाटेवरची दुकानं बघायला मला दर्शनापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ हाताशी ठेवूनच मी घरून निघते. काही घ्यायचं ठरलेलं नसतं. बघायचं असतं, हुंगायचं असतं, दुकानदारीणबाईंशी बोलायचं असतं. मांडणीतली गंमत पुरती कळेपर्यंत पायरीवरून हलायचं नसतं.

रत्नागिरीच्या स्टँडवरून सुटलेली एसटी राजिवड्याच्या अंगाने काजळी नदीच्या खाडीवर येते. भाट्याच्या पुलावरून उजव्या हाताला खाडीचं मुख आणि त्यापलीकडे उघडा समुद्र दिसतो. मग सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्राच्या माडांच्या रांगा, आणि तिथून चढ लागतो तो सड्यावर. फणसोप, गोळप अशी गावं येतात. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर वीतभरही नाही. त्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरून माती आणून ते भरायचे आणि त्यात हापूसची कलमं लावायची, असं इथल्या माणसांनी केलं आहे. बागेभोवती जांभ्याचेच गडगे. एप्रिलच्या उन्हात सडा काळा-तांबडा तापलेला आणि मधे ही हिरवीगार झाडं, हे बघताना या मुलखात एकेक फळ किती कष्टाने हाती येतं ते समजतं. पुढे रस्ता खाली उतरतो, माडपोफळींची सावली सुरू होते आणि गौतमी नदीकाठचं पावस येतं.

स्वामींचं मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले. जन्म याच गावातला, १५ डिसेंबर १९०३ चा. तरुणपणी गांधीजींच्या चळवळीचं वारं त्यांना लागलं आणि त्यांनी गावात ‘स्वावलंबनाश्रम’ नावाची शाळा काढली. पुढे पुण्यात बाबा महाराज वैद्यांचा अनुग्रह झाला, सविनय कायदेभंगात येरवड्याचा तुरुंगवास झाला. त्यानंतर एका मोठ्या आजारातून उठल्यावर ते पावसच्या देसायांच्या ‘अनंत निवास’ या घरी राहायला आले आणि जवळपास चाळीस वर्षं, १५ ऑगस्ट १९७४ ला देह ठेवीपर्यंत, तिथेच राहिले. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ त्या घरातली. आज समाधिमंदिर मोठं आहे, दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, भक्तनिवास आहे. पण १९७४ पर्यंत पावसला येणारा भक्त देवळात येत नव्हता, तो एका घरी येत होता. पायरीशी चपला काढायचा, पडवीत टेकायचा, पाणी प्यायचा आणि मग आत जायचा.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पावसची दुकानं अजून त्याच रीतीची आहेत. महाराष्ट्रात देवळाभोवती बाजार भरणं नवं नाही. पुण्याची तुळशीबाग हे मुळात राममंदिराचं आवार. पंढरपुरात बुक्का, कुंकू, चुरमुरे आणि तुळशीच्या माळांची दुकानं आहेत. तिथला बाजार देवासाठी आणि यात्रेकरूसाठी उभा राहिला. पावसला माळा, तसबिरी, पेढे सगळं मिळतं, पण दुकानाचा दर्शनी भाग व्यापलेला असतो तो घरातल्या जिनसांनी: आमसुलं, आगळ, आंब्याफणसाची साठं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, तळलेले गरे, काजूगर.

यातलं बरंचसं दोन पिढ्यांपूर्वी विकाऊ नव्हतं. कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर पेढीवर, आणि गावाकडे मनिऑर्डर. उलट्या दिशेने जायचं ते गाठोडं. रेल्वे नव्हती, ती सलग सुरू झाली १९९८ मध्ये. पूर्वीची वाट पाण्याची. रत्नागिरीला, पूर्णगडला, जैतापूरला आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू आपापली बोचकी घेऊन पडावातून तिच्यापर्यंत जायचे. आंब्याच्या पेट्या मुंबईच्या बाजारात विकायला जायच्या. साठं, आमसुलं, कुळीथ मात्र भावाला, लेकीला, शेजारच्या बाळंतिणीला जायचे. त्यांना किंमत लावणं कुणाच्या मनातही येत नसे. बायकांनी उन्हात राबून केलेल्या या जिनसांचा हिशेब घराच्या चोपडीत कधी आलाच नाही. मंदिराच्या वाटेवर तीच गाठोडी उघडून मांडलेली आहेत, आणि आता त्यांचे पैसे करणारीच्या हातात पडतात. मला याचा मनापासून आनंद होतो.

मला आवडणारं दुकान खरं तर घरच आहे. जांभ्याचं जोतं, वर मंगलोरी कौलं, आणि पुढच्या पडवीला फळ्यांचं दार. उभ्या फळ्या खाचेत एकापाठी एक सरकवायच्या, प्रत्येकीवर आकडा घातलेला, म्हणजे रात्री लावताना क्रम चुकत नाही. सकाळी त्या काढल्या की पडवीचा अख्खा दर्शनी भाग मोकळा होतो. दुकानाच्या बाईंनी काढलेल्या फळ्यांतल्या दोन आडव्या टाकल्या आहेत, खाली आंब्याच्या जुन्या पेट्या. त्या झाल्या मांडण्या. वाशाला टांगलेली बांबूची रोवळी, तिच्यात दिवा सोडलेला. संध्याकाळी त्याची जाळी भिंतीवर पडते. सुपांत काजू, परड्यांत आवळासुपारी, करवंटीचे डाव एका दोरीला ओळीने. कोपऱ्यात सावंतवाडीची लाकडी फळं: केळी, सीताफळ, फोडी केलेलं कलिंगड. शेजारच्या फळीवर ‘संजीवनी गाथा’च्या प्रती, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ पंचा.

पण सगळ्यात बघण्यासारखी आहे ती आगळाच्या बाटल्यांची रांग. पडवी पश्चिमेला तोंड करून आहे. दुपार कलली की ऊन सरळ त्या रांगेतून आत येतं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल पट्टे उमटतात. एका टोकाच्या बाटल्या डाळिंबी, मधल्या जांभुळक्या, दुसऱ्या टोकाला जवळजवळ काळ्या. मी विचारलं, रंगाप्रमाणे लावल्यात का?

“रंगाप्रमाणे नाही हो ताई, सालाप्रमाणे,” बाई म्हणाल्या. “हे यंदाचं. ते गेल्या सालचं. जुनं होत जातं तसं काळं पडतं. सरबताला यंदाचं न्या, सोलकढीला जुनं चालतं.”

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यात, मृगाच्या तोंडावर. पाऊस आला की सगळंच बिघडतं, म्हणून या दिवसांत घरातलं कुणी रिकामं नसतं. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात टाकायच्या. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात त्या साली बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. या पुटांनी आमसूल काळंभोर आणि लवचिक होतं. पुटं कमी दिली तर ते कडक, फिकट राहतं. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. साली आणि साखर थरांनी बरणीत भरून उन्हात ठेवली की पाझरतं ते सरबताचं अमृत कोकम. बियांचं तेल निघतं, ते निवलं की गोठून मेणासारखं होतं आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका फळातलं काही टाकलं जात नाही, आणि बाईंच्या मांडणीत हे सगळं याच क्रमाने लागलेलं आहे: आमसूल, आगळ, सरबत, तेलाचे गोळे. त्यांना कुणी हे शिकवलेलं नाही. काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने वस्तू हाताखाली असाव्यात, एवढाच त्यांचा विचार. सुंदर दिसतं ते त्यातूनच.

साठांचंही तसंच. बरक्या फणसाचा रसाळ गर किंवा आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटात पसरायचा, वाळला की वर दुसरा थर, मग तिसरा. बाई पोळीचा काठ कापलेला ठेवतात, तो मुद्दाम, थर मोजता यावेत म्हणून. “काठ बघा आणि मग घ्या” असं सांगणारं दुकान मला कुठल्याही काचेच्या शोकेसपेक्षा विश्वासाचं वाटतं.

१९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झालं, त्याने कोकमाची ‘कोकण अमृता’ ही जात दिली. १९९० च्या सुमारास सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि सड्यांवर आंबा-काजू वाढला. माल वाढला, रेल्वेने गिऱ्हाईक वाढलं. त्याबरोबर फ्लेक्सही आले. किनाऱ्यावर कुठेही जा, तोच छापील हापूस, तेच हिरवे-केशरी फलक, आणि त्यांच्यामागे एकाच साच्याच्या प्लास्टिक पिशव्या. अशा दुकानात मी पाच मिनिटं रमत नाही. तिथे वस्तू पिशवीत असते आणि तिचं चित्र बाहेर असतं. नाकाला काही कळत नाही, बोटाला काही कळत नाही, आणि विकणाऱ्यालाही ती कुणी केली हे सांगता येत नाही. स्वच्छतेसाठी पिशवी हवी हे मान्य. पण एक सूप उघडं ठेवायला, एक तुकडा चाखायला द्यायला काय हरकत आहे? पावसच्या वाटेवर हे अजून घडतं, म्हणून मी तिथे जाते.

जायचं तर मे महिन्याच्या उत्तरार्धात जावं. नवी आमसुलं तेव्हा नुकती उन्हातून आत आलेली असतात, शेवटच्या पोळ्या वाळत असतात, आणि पडवीत आंबट-गोड वासाची दाटी असते. मी अर्धा किलो आमसुलं, यंदाच्या आगळाच्या दोन बाटल्या आणि कुळथाचं पीठ घेतलं. पिशवी भरता भरता बाई पावसाळ्याचं बोलू लागल्या. जूनमध्ये पडवीला झापं बांधली की अंधार होतो, बाटल्या दिसेनाशा होतात. यंदा कौलांत एक काचेचं कौल बसवून घ्यायचं त्यांच्या मनात आहे, पण ते कुठल्या ओळीत बसवावं हे ठरत नव्हतं. फार खाली बसवलं तर पागोळ्यांच्या बाजूचा उजेड कमीच, फार वर बसवलं तर उजेड आडव्या फळीवर न पडता मागच्या भिंतीवर जाणार. आम्ही दोघी बाहेर अंगणात जाऊन छपराकडे बघत उभ्या राहिलो. त्यांच्या सासूबाई आतून काठी घेऊन आल्या आणि त्यांनी वर दाखवलं: तिसरी ओळ, बाटल्यांच्या मधोमध. तसंच ठरलं.