थकबाकीदार

मार्च उलटू लागला आणि वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले, म्हणजे शाळेच्या ग्रंथालयात देवघेवीची नोंदवही उघडली जाते, आणि एरवी जेथे शारदेचे वास्तव्य असल्याचे आपण मानतो त्या खोलीला काही दिवस मामलेदार कचेरीची कळा येते. दाखल क्रमांक, इयत्ता, तुकडी, मुदतीची तारीख, केलेला तगादा असे रकाने आखून थकबाकीदारांची यादी सिद्ध होते, आणि शिपायाच्या हातून ती वर्गावर्गांतून फिरते.

यात ग्रंथपालाची कसूर नाही. वार्षिक पडताळणीत प्रत्येक ग्रंथ कपाटात किंवा कोणाच्या तरी नावावर दिसावाच लागतो. न दिसल्यास निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत खुलासे त्यानेच करायचे. शिवाय प्रत एकच असली, तर एकाची दिरंगाई दुसऱ्याला उपाशी ठेवते.

तथापि ही यादी सावकाश वाचावी. मला तरी ती शाळेच्या वार्षिक अहवालाहून अधिक वाचनीय वाटते. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भागवतांचा ‘फास्टर फेणे’ तिच्यात दरसाल सापडतात. कोणा दानशूराने भेट दिलेले, पाने एकमेकांना चिकटून राहिलेले सुबोध नीतिपाठ मात्र कधीही थकत नाहीत. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिले ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते आणि तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे म्हणते. त्या कसोटीवर कपाटात तिन्हीत्रिकाळ हजर असणारा ग्रंथच खरा थकबाकीदार ठरावा!

दंडाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. रक्कम किरकोळ असते खरी, परंतु जेथे वहीचे पैसेही मोजून मिळतात त्या घरातले मूल तिच्या धास्तीने ग्रंथालयाचा उंबराच टाळते; मग पुस्तकही जाते आणि वाचकही, आणि वसुली होते ती शाळा सोडल्याचा दाखला अडवून.

आमच्या परिचयाच्या एका ग्रंथपालबाईंपुढे सातवीतली एक मुलगी अशीच मान खाली घालून उभी राहिली. नावावर ‘श्यामची आई’, मुदत कधीच टळलेली.

“बाई, माझं झालं. आजीचं नाही संपलं अजून. दुपारी थोडं थोडं वाचते ती, अक्षर लावून लावून.”

बाईंनी तारखेचा शिक्का शाईच्या गादीवर दाबला, नोंदवहीत नवी मुदत उमटवली आणि दंडाचा रकाना कोराच ठेवला. “आजीला म्हणावं, पुढे दोघींची नावं लागली आहेत. आता रात्रीचंही थोडं वाचा!”