कागदावरचं नाव

अवकाळीची मदत, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, भावकीतला बांधावरचा खून. वेगवेगळ्या पानांवरच्या या बातम्यांत प्रश्न एकच असतो: सातबारावर नाव कोणाचं? मालकी म्हणजे माणूस आणि वस्तू यांचं नातं, असं आपण धरून चालतो. मला ते माणसामाणसांतलं नातं वाटतं. संकटात सरकार, बँक आणि न्यायालय कोणाला ओळखणार, हे तिथे ठरतं. लावणी-खुरपणीत राबणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर नसेल, तर गारपिटीने झोपलेलं पीक तिच्या कष्टाचं असूनही पंचनाम्यात ती दिसत नाही.

कायदा मागे नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, तोही फक्त तोवर लग्न न झालेल्यांना. देशभरात तो 2005 मध्ये आला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अटही काढली. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतातच.

जमिनीचे तुकडे पडतील, असं म्हणतात. चार भावांतही ते पडतातच. तेव्हा कोणी एकाला हक्क सोडायला सांगत नाही. लग्नात दिलंच की, हा दुसरा युक्तिवाद. पण हुंडा सासरच्या हाती जातो, तिच्या नावावर काही चढत नाही. माहेर तुटण्याची भीती मात्र खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. म्हणूनच सही घेण्याआधी तिच्या हिश्श्याची किंमत तिला एकटीला, भावांच्या गैरहजेरीत, समजावून सांगण्याची सक्ती दुय्यम निबंधकावर असायला हवी.